लंडनची दिवाबत्ती : एका कंपनीची १३७ वर्षे



ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात एक लहानशी बाब असते. तिचे नाव दिवाबत्ती. रस्ता, पाणी, शाळेची इमारत यांवर सभेत तासन्‌तास चर्चा होते. दिवाबत्तीची बाब मात्र बहुधा वाचली जाते आणि मंजूर होते. रस्त्यावरचा दिवा लागत असतो तोवर त्याची कोणी दखल घेत नाही. तो बंद पडला म्हणजे चौकशी सुरू होते आणि मग ध्यानात येते, की खांब एका खात्याचा, दिवा दुसऱ्याने बसविलेला, बिल तिसऱ्याच्या नावे आणि दुरुस्तीचा करार चौथ्याशी. प्रत्येकाचे उत्तर आपापल्या परीने बरोबर असते. रस्त्यावर काळोख तेवढा कायम राहतो.

रस्त्यावरच्या दिव्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न जगातील एका मोठ्या शहराला दोनशे वर्षांपूर्वी पडला होता. त्याच्या उत्तरातून तेथे एक कंपनी जन्माला आली. ‘गॅस लाइट अँड कोक कंपनी’ हे तिचे नाव आणि लंडन हे तिचे कार्यक्षेत्र. सार्वजनिक उपयोगासाठी कोळशाचा वायू तयार करून तो नळांनी पुरविणारी ही जगातील पहिली कंपनी होय. १८१२ मध्ये ती स्थापन झाली आणि १९४९ मध्ये राष्ट्रीयीकरणाने तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. या १३७ वर्षांचा इतिहास आज येथे सांगण्याचे कारण इतकेच, की दिवा शोधून काढणे आणि तो रोज संध्याकाळी नेमाने लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कठीण आहे, हे या इतिहासात स्पष्ट दिसते.

मशालजींचे शहर

अठराव्या शतकातील लंडन हे व्यापाराने संपन्न, पण रात्री अंधारे शहर होते. रस्त्यांवर तेलाचे दिवे असत. त्यांत माशाचे किंवा देवमाशाचे तेल जाळीत. त्यांचा उजेड दिव्याच्या खांबापाशीच संपे आणि काच काजळीने काळवंडे. रात्री बाहेर पडणारा मनुष्य पैसे मोजून मशालवाला पोरगा बरोबर घेई. आपल्याकडे सरदार-दरकदारांच्या पुढे दिवट्या घेऊन मशालजी चालत, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की तेथे तो भाड्याने मिळे. ज्याच्या खिशात पैसा त्याच्यापुढे उजेड, अशी ती व्यवस्था होती. रस्ता सर्वांचा होता, पण प्रकाश ज्याचा त्याचा होता.

शोध एकाचा, कल्पना दुसऱ्याची

दगडी कोळसा बंद भांड्यात तापविला तर त्यातून जळणारा वायू निघतो, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होते. त्याचा दिव्यासाठी नेटका उपयोग विल्यम मर्डॉक या स्कॉटिश यंत्रज्ञाने करून दाखविला. बोल्टन आणि वॉट यांच्या वाफयंत्रांच्या कंपनीत तो नोकरीस होता. १७९२ मध्ये कॉर्नवॉल परगण्यातील रेडरूथ गावी त्याने आपल्या राहत्या घरात कोळशाच्या वायूचे दिवे लावले. १८०२ मध्ये फ्रान्सशी तह झाला, तेव्हा बर्मिंगहॅमजवळच्या सोहो कारखान्यावर या वायूची रोषणाई करण्यात आली. पुढे सॅलफर्डची एक मोठी कापडगिरणी त्याने अशाच दिव्यांनी उजळली. १८०८ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला रम्फर्ड पदक दिले. मर्डॉकने या शोधाचे पेटंट मात्र घेतले नाही.

मर्डॉकच्या पद्धतीत ज्या इमारतीला उजेड हवा तिने आपली भट्टी, आपली टाकी आणि आपले नळ उभारावयाचे होते. गिरणीमालकाला हे परवडे. गल्लीतल्या शिंप्याला किंवा रस्त्याने जाणाऱ्या पादचाऱ्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

येथे फ्रेडरिक आल्बर्ट विन्सर हा दुसरा मनुष्य पुढे येतो. हा मूळचा जर्मनीतील ब्रन्सविकचा. पॅरिसमध्ये फिलिप लेबों या फ्रेंच अभियंत्याने लाकडाच्या वायूचे प्रयोग केले होते. ते पाहून विन्सर लंडनला आला आणि १८०४ मध्ये लायसियम नाट्यगृहात त्याने वायूच्या दिव्यांची जाहीर प्रात्यक्षिके दिली. रसायनशास्त्रात त्याची गती बेताची होती. अतिशयोक्ती हा त्याचा स्वभाव होता. पाच पौंड भरणाऱ्यास वर्षाला पाचशे सत्तर पौंड मिळतील, असे आश्वासन त्याच्या जाहिरातींत असे, आणि त्याबद्दल त्याची भरपूर टवाळीही झाली. परंतु मर्डॉकच्या मनात न आलेली एक गोष्ट या बडबड्या माणसाला सुचली होती. पाण्याप्रमाणे वायूही एका जागी तयार करावा आणि रस्त्याखालून नळ टाकून तो घरोघरी व दिव्यादिव्यापर्यंत न्यावा, ही ती कल्पना. २८ जानेवारी १८०७ रोजी त्याने लंडनच्या पॉल मॉल या रस्त्यावर वायूचे दिवे लावून दाखविले. लोकांनी गर्दी केली. हसणारे काही काळ गप्प झाले.

राजसनद आणि तिची अट

रस्ता खणून नळ टाकावयाचे म्हणजे कायद्याची परवानगी हवी. विन्सरच्या मंडळीने १८०९ मध्ये पार्लमेंटकडे अर्ज केला. बोल्टन-वॉट पक्षाने त्यास विरोध केला आणि पहिला प्रयत्न फसला. १८१० मध्ये कायदा संमत झाला आणि भांडवल जमल्यावर ३० एप्रिल १८१२ रोजी राजसनद मिळाली. लंडन, वेस्टमिन्स्टर आणि साउथवर्क हे कंपनीचे क्षेत्र ठरले. कंपनीच्या नावातील ‘कोक’ हा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. कोळशातून वायू काढून घेतल्यावर उरतो तो कोक; तोही इंधन म्हणून विकला जातो. उजेड आणि सरपण अशा दोन्ही मालांवर हा व्यवहार उभा होता.

पार्लमेंटने परवानगी देताना एक अट घातली होती आणि ती आजच्या अधिकाऱ्यांनीही वाचण्यासारखी आहे. पॅरिश म्हणजे तेथील स्थानिक कारभाराचा लहान घटक. एखाद्या पॅरिशने रस्त्यांच्या दिव्यांसाठी मागणी केली, तर तेलाच्या दिव्यापेक्षा अधिक चांगला उजेड तेलापेक्षा कमी खर्चात देणे कंपनीवर बंधनकारक होते. रस्त्याखालची जमीन सार्वजनिक आहे. ती वापरू द्यावयाची तर मोबदल्यात सार्वजनिक हित पदरात पडले पाहिजे, हा त्या अटीचा आशय. खासगी भांडवल आणि लोकहित यांचा करार कसा असावा, याचा हा एक आरंभीचा नमुना म्हणता येईल.

सॅम्युअल क्लेग आणि लोकांची भीती

सनद हाती आली तरी दिवे लागेनात. विन्सर बोलण्यात वाकबगार होता, पण कारखाना उभारणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. पहिली जागा अपुरी पडली, पैसा खर्च झाला आणि भागधारक कुरकुरू लागले. तेव्हा सॅम्युअल क्लेग या अभियंत्यास पाचारण करण्यात आले. क्लेग हा मर्डॉकच्याच कारखान्यात तयार झालेला. त्याने ग्रेट पीटर स्ट्रीट येथे कारखाना मार्गी लावला. कोळसा लोखंडी बंद पात्रांत तापवावयाचा, निघालेला वायू थंड करून डांबर वेगळे काढावयाचे, चुन्यातून नेऊन त्यातील दुर्गंधीचा अंश कमी करावयाचा आणि पाण्यावर उपड्या ठेवलेल्या प्रचंड लोखंडी टाकीत साठवावयाचा. वायू भरेल तशी टाकी वर उचलली जाई आणि तिच्याच भाराने वायू नळांत ढकलला जाई. ३१ डिसेंबर १८१३ रोजी वेस्टमिन्स्टरचा पूल वायूच्या दिव्यांनी उजळला. १ एप्रिल १८१४ पासून सेंट मार्गारेट पॅरिशचे रस्ते तेलाऐवजी वायूने प्रकाशित होऊ लागले.

लोकांना या नव्या उजेडाचे भय वाटे. नळातून अग्नीच वाहत येतो, अशी समजूत अनेकांची होती. दिवे लावणारे गडीदेखील पुढे येईनात, तेव्हा पुलावरचे दिवे क्लेगला स्वतःच्या हाताने लावावे लागले, अशी कथा सांगतात. विद्वानही साशंक होते. वायू साठविण्यासाठी सेंट पॉलच्या चर्चचा घुमट घेणार काय, असा उपरोध सर हम्फ्री डेव्ही यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाने केल्याचे नमूद आहे. कारखान्यात स्फोट झाल्यावर रॉयल सोसायटीची एक समिती पाहणीस आली. त्या प्रसंगी क्लेगने टाकीस कुदळीने भोक पाडून बाहेर येणाऱ्या वायूस मेणबत्ती लावली. पाहुणे मागे सरले, ज्योत शांतपणे जळत राहिली. हवेत मिसळल्याखेरीज टाकीतील वायूचा भडका होत नाही, हे त्याला दाखवावयाचे होते. समितीने तरीही टाक्यांच्या आकारावर मर्यादा सुचविली आणि ते योग्यच होते. धाडस अभियंत्याने करावे, पण सुरक्षिततेचा निर्णय त्याच्या एकट्याच्या धाडसावर सोडू नये.

विन्सरचा शेवट मात्र उपेक्षेत झाला. १८१५ मध्ये तो पॅरिसला निघून गेला, तेथेही वायूच्या दिव्यांचा उद्योग करून पाहिला, आणि १८३० मध्ये तेथेच मरण पावला. ज्या कंपनीचे त्याने स्वप्न पाहिले ती त्याच्यावाचून वाढत राहिली.

मोजमापाचा प्रश्न

१८१९ पर्यंत लंडनमध्ये सुमारे २९० मैल नळ आणि ५१,००० बर्नर झाले. पण वायू विकावयाचा कसा? तो दिसत नाही आणि तराजूत घालता येत नाही. आरंभी दर बर्नरमागे व ठरलेल्या तासांमागे वार्षिक आकार घेत. दुकानदार दहा वाजता दिवा मालविण्याचे कबूल करी आणि मध्यरात्रीपर्यंत जाळी. कंपनीचे निरीक्षक रात्री गल्लोगल्ली फिरून उशिरा जळणारे दिवे शोधीत. प्रामाणिक गिऱ्हाईक अप्रामाणिकाचे पैसे भरी. क्लेगने या दुखण्यावर वायुमापक यंत्र तयार केले. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या आणि मीटर ही वस्तू घरोघर पोहोचली. आज प्रत्येक घराच्या भिंतीवर जे वीजमापक दिसते, त्यामागचा विचार या वायुमापकापासून चालत आला आहे. जितके वापरले तितकेच भरावे, हा न्याय मोजमापाशिवाय प्रस्थापित होत नाही.

एका रस्त्यात अनेक नळ

या कंपनीचे यश पाहून दुसऱ्या कंपन्या निघाल्या. शतकाच्या मध्यास लंडनमध्ये डझनभर वायुकंपन्या होत्या. एकाच रस्त्याखाली तीन-तीन, चार-चार कंपन्यांचे नळ पडले. एकीने रस्ता बुजवावा आणि दुसरीने तो पुन्हा खणावा, असे चाले. कोणता नळ कोणाचा हे कामगारांनाही कळेना. एका कंपनीचे गिऱ्हाईक चुकून दुसरीच्या नळास जोडले जाई. नळांतून गळणारा वायू जमिनीत मुरे. स्पर्धेने दर उतरले, हे खरे. चार्ल्स पिअर्सन या नगर-विधिज्ञाने १८४९ मध्ये ग्राहकांची म्हणून एक कंपनी काढली आणि हजार घनफुटांस चार शिलिंग हा दर लावला. त्यापूर्वी, आरंभीच्या काळात, तो पंधरा शिलिंगांपर्यंत होता. पण प्रत्येकीने वेगळे नळ टाकण्याचा खर्च अखेर ग्राहकांच्याच माथी बसणार होता. मग कंपन्यांनी आपसांत शहर वाटून घेतले आणि स्पर्धा संपली. लोकांच्या हाती मात्र काहीच संरक्षण उरले नाही.

यावर १८६० च्या कायद्याने तोडगा काढला. प्रत्येक कंपनीस स्वतंत्र विभाग मिळाला; त्याच्या मोबदल्यात दरावर व लाभांशावर कमाल मर्यादा आली आणि वायूच्या प्रकाशाची कसोटी ठरली. साध्या वायूची ज्योत ठराविक प्रतीच्या १२ मेणबत्त्यांइतकी तेजस्वी असलीच पाहिजे, असा नियम होता आणि ती तपासण्यासाठी परीक्षक असत. पुढे सरकत्या प्रमाणाची पद्धत आली आणि १८७६ मध्ये ती या कंपनीसही लागू झाली. हजार घनफुटांचा दर एक पेनीने उतरविला तर लाभांश पाव टक्क्याने वाढविण्याची मुभा. दर चढविला तर त्याच हिशेबाने लाभांशात घट. गिऱ्हाइकाचे हित आणि भागधारकाचे हित एकाच दोरीला बांधण्याची ही युक्ती मोठी मार्मिक होती.

याच काळात, १८७० ते १८८३ च्या दरम्यान, या कंपनीने थेम्सच्या उत्तरेकडील बहुतेक कंपन्या आपल्यात सामावून घेतल्या.

बेक्टनचे भट्टीवाले

शहरातील लहान कारखाने अपुरे पडू लागले, तेव्हा शहराच्या पूर्वेस थेम्सच्या काठी कंपनीने एक प्रचंड कारखाना उभारला. १८७० मध्ये तेथे वायूचे उत्पादन सुरू झाले. कंपनीचे प्रमुख सायमन ॲडम्स बेक यांच्या नावावरून त्या जागेस बेक्टन हे नाव पडले. ईशान्य इंग्लंडच्या खाणींतील कोळसा समुद्रमार्गे जहाजांनी थेट कारखान्याच्या धक्क्यावर येई. युरोपातील सर्वांत मोठ्या वायुकारखान्यांत त्याची गणना होऊ लागली. उरलेल्या डांबरापासून रंग, औषधे व रस्त्याचे डांबर बनविणारा उपउद्योगही शेजारीच उभा राहिला.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वायू शुद्ध करून उरलेला दुर्गंधीयुक्त चुना आणि कारखान्यांचे सांडपाणी यांनी नदी व वस्ती नासत असे. मासेमारी करणाऱ्यांनी तक्रारी केल्या. उजेड श्रीमंत पश्चिम भागात लागे आणि धूर व घाण गरीब पूर्व भागाच्या वाट्यास येई.

त्याहून मोठा भार भट्टीवाल्यांवर होता. तापलेल्या पात्रांत फावड्याने कोळसा भरणे, लाल झालेला कोक ओढून काढणे, आणि हे बारा-बारा तास करणे. डिसेंबर १८७२ मध्ये लंडनच्या भट्टीवाल्यांनी संप केला. शहराच्या काही भागांत अंधार पसरला आणि ज्यांची कधी आठवण झाली नव्हती असे हे कामगार एकदम सर्वांच्या डोळ्यांपुढे आले. पुढाऱ्यांवर कट केल्याचा खटला होऊन पाच जणांना प्रत्येकी बारा महिन्यांची शिक्षा झाली. १८७५ च्या कायद्याने संपाविषयीचे कटाचे कलम सौम्य झाले. मात्र वायू व पाणीपुरवठ्यातील कामगारांनी करार मोडून नागरिकांचा पुरवठा तोडणे हा गुन्हा ठरविण्यात आला. अत्यावश्यक सेवांविषयीच्या कायद्यांचे एक मूळ येथे सापडते.

१८८९ मध्ये बेक्टनचाच एक भट्टीवाला, विल थॉर्न, याने वायुकामगारांची संघटना बांधली. लहानपणापासून मजुरी केल्याने त्यास शिक्षण मिळालेले नव्हते. कार्ल मार्क्स यांची कन्या एलिनॉर हिने त्याला लेखन-वाचनात व संघटनेच्या हिशेबात साहाय्य केले. या संघटनेने आठ तासांची पाळी मागितली आणि लंडनच्या वायुकंपन्यांनी ती संपावाचून मान्य केली. बारा तासांच्या दोन पाळ्यांच्या जागी आठ तासांच्या तीन पाळ्या आल्या. हा भट्टीवाला १९०६ मध्ये पार्लमेंटचा सभासद झाला.

विजेचे आव्हान आणि गॅसबत्तीची जाळी

१८७८ मध्ये थेम्सच्या काठावरील रस्त्यावर विजेचे दिवे लागले आणि त्याच वर्षी एडिसनच्या दिव्याची वार्ता येताच वायुकंपन्यांचे शेअर घसरले. पण थेम्सकाठचे ते दिवे महाग पडले आणि १८८४ मध्ये काढले गेले. वायूला नवे आयुष्य ऑस्ट्रियातील कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या शास्त्रज्ञाने दिले. १८८५ मध्ये त्याने जाळीचे पेटंट घेतले. पुढे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण ठरले आणि वायूच्या पिवळसर ज्योतीऐवजी लखलखीत पांढरा प्रकाश मिळू लागला.

येथे या दूरदेशीच्या कथेचा धागा भारतीय खेड्याशी जुळतो. लग्नाच्या वरातीत आणि नाटक-तमाशाच्या मंडपात जी गॅसबत्ती फोसफोसत असे, तिची जाळी म्हणजे हीच जाळी. तेथे कोळशाच्या वायूऐवजी पंप मारून बाष्प केलेले रॉकेल जळे इतकेच. त्या जाळीला लागणारे थोरियम मोनाझाइट नावाच्या वाळूत असते. १९०९ मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञाने ती वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावर असल्याचे ओळखले आणि त्यानंतर युरोपच्या दिव्यांसाठी ती तेथून जाऊ लागली.

भारतातील पडसाद

लंडनचा नमुना भारतात लवकर पोहोचला. ओरिएंटल गॅस कंपनीने १८५७ मध्ये कलकत्त्याच्या रस्त्यांवर वायूचे दिवे लावले. मुंबईत बॉम्बे गॅस कंपनीमार्फत १८६५ च्या सुमारास भेंडीबाजार, एस्प्लनेड रोड व चर्चगेट स्ट्रीट येथे हा उजेड आला. बंगळुरात १९०५ मध्ये रस्त्यावर विजेचे दिवे लागले. शिवसमुद्रम्‌च्या धबधब्याची वीज त्यासाठी आणली होती. त्याच वर्षी मुंबईत वीजपुरवठा व ट्रामची कंपनी निघाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, मुंबई महापालिकेने ती आपल्या ताब्यात घेतली. तीच आजची बेस्ट. कंपनीपासून सुरुवात होऊन सार्वजनिक संस्थेकडे सूत्रे यावी, हा प्रवास लंडनप्रमाणे येथेही झाला.

शेवटचा काळ

विसाव्या शतकात रस्त्यांवरील दिव्यांत वीज पुढे गेली. कंपनीने शेगड्या व पाणी तापविण्याची साधने भाड्याने देऊन घरांत आपले स्थान टिकविले. १ सप्टेंबर १९३९ पासून युद्धामुळे शहरात सक्तीचा अंधार पाळण्यात आला. ७ सप्टेंबर १९४० च्या भीषण हल्ल्यात बेक्टनवरही बॉम्ब पडले. १ मे १९४९ रोजी ब्रिटनच्या वायुउद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि कंपनीची मालमत्ता नॉर्थ टेम्स गॅस बोर्डाकडे गेली. समुद्रातील नैसर्गिक वायू आल्यावर कोळशाच्या भट्ट्या विझल्या आणि १९७० च्या दशकात बेक्टनही थंडावले.

तरी त्या शहरात हजाराहून अधिक वायूचे दिवे एकविसाव्या शतकातही जळत राहिले. मोजके दिवाबत्तीवाले फिरून त्यांची काच पुसतात, जाळी बदलतात आणि दर चौदा दिवसांनी घड्याळाची चावी देतात. २०२१ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या नगरसंस्थेने आपले वायूचे दिवे काढून विजेचे बसविण्याची योजना मांडली, तेव्हा नागरिकांनी विरोध केला आणि पुष्कळ दिव्यांना वारसा म्हणून संरक्षण मिळाले. ज्या वायूला त्यांचे पूर्वज भ्याले, त्याच्या रक्षणासाठी वंशज उभे राहिले.

आपल्या गावासाठी

या इतिहासातून काही साध्या गोष्टी घेता येतील. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्त्यावरील दिवे ही नगरपालिकांची बाब म्हणून स्पष्टपणे लिहिली आहे, आणि ७३ व्या दुरुस्तीच्या अकराव्या अनुसूचीत वीजवितरणासह ग्रामीण विद्युतीकरण हा पंचायतींचा विषय आहे. अधिकार कागदावर आहे. तो खांबापर्यंत पोहोचविणे हे काम उरते.

जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय पथदीप कार्यक्रम सुरू झाला आणि देशभरात एक कोटीहून अधिक एलईडी दिवे बसविले गेले. विजेची बचत झाली. पण कोणताही दिवा बसविताना त्याच्या देखभालीच्या कराराची मुदत असते आणि ती केव्हातरी संपते. मुदत संपल्यावर दिवा कोण बदलणार, त्यासाठी पैसा कोठून येणार, हे बसवितानाच लिहून ठेवले पाहिजे. १८१० च्या कायद्यात ती दूरदृष्टी होती.

सरपंचांनी व पंचांनी प्रत्येक खांबाला क्रमांक द्यावा आणि त्याची नोंदवही ठेवावी. दिवा केव्हा बंद पडला, तक्रार केव्हा आली, दुरुस्ती केव्हा झाली, या तीन तारखा तीत असल्या म्हणजे पुष्कळ वाद मिटतील. दिवाबत्तीचे बिल ग्रामसभेत आकड्यांसह वाचून दाखवावे. वायुमापकापूर्वीचा लंडनचा गोंधळ मोजमापाच्या अभावाचाच होता. अधिकाऱ्यांनी खांब, दिवा आणि बिल यांची जबाबदारी एका कागदावर, एका नावाखाली आणावी. रस्त्याच्या दोन्ही टोकांना सारखा उजेड पडतो की नाही, हेही पाहावे. मुख्य चौकात चार दिवे आणि वस्तीच्या टोकाला एकही नाही, असे असेल तर मशालजींच्या काळापासून आपण फार पुढे आलेलो नाही. शिक्षकांनी हा विषय विद्यार्थ्यांना द्यावा. संध्याकाळी आपल्या गल्लीतील लागलेले व न लागलेले दिवे मुलांनी मोजून आणले, तर त्यात गणितही आहे, विज्ञानही आहे आणि नागरिकशास्त्रही आहे.

आणि खांबावर चढणाऱ्या तारमिस्त्रीचा विचार सर्वांनी करावा. त्याचे हातमोजे, त्याचा कमरपट्टा, त्याची शिडी सुस्थितीत आहे काय, तो वर असताना खालून वीजप्रवाह खात्रीने बंद केलेला असतो काय, याची चौकशी ग्रामसभेत झाली पाहिजे. बेक्टनच्या भट्टीवाल्यांची आठवण लंडनला रस्ते अंधारल्यावर झाली. गावाने तेवढी वाट पाहू नये.